घाटकोपरपासून परमुलुखापर्यंत

प्रत्येक गावात असा एक तरी माणूस असतो. कुणाचा पाय पोलिओने वाळलेला असतो, कुणाचा हात मळणीयंत्रात गेलेला असतो, कुणाची नजर गेलेली असते. जत्रा असो, लग्न असो, घरचे लोक त्याला म्हणतात, "तू कशाला येतोस? तुझे हाल होतील. तू घर सांभाळ." म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पण वर्षे जातात आणि तो माणूस ओट्यावरच बसून राहतो. मुंबई त्याला इतरांच्या तोंडूनच ऐकावी लागते. मग परमुलुखाची गोष्ट कुठली?

तर आता एका माणसाची हकीकत ऐका. सांगली जिल्ह्यात पेठ नावाचे गाव आहे. तिथले मुरलीकांत पेटकर लष्करात होते. अंगाने धडधाकट, मुष्टियुद्ध खेळणारे गडी. 1965 साली पाकिस्तानशी लढाई झाली, तेव्हा त्यांना गोळ्या लागल्या. जीव वाचला, पण कमरेखालचे अंग लुळे पडले. पुढे ते पोहायला लागले. अपंग खेळाडूंचे जगातले सामने भरतात, त्यांना पॅरालिंपिक म्हणतात. 1968 साली हे सामने इस्रायल देशात झाले. पेटकर तिथे गेले आणि टेबल टेनिस खेळले. 1972 साली सामने जर्मनीत हायडेलबर्ग गावी होते. तिथे पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत ते 37.33 सेकंदांत पार झाले आणि त्यांनी सोन्याचे पदक जिंकले. या सामन्यांत भारताला मिळालेले ते पहिले सोन्याचे पदक. 2018 साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

कमरेखाली बळ नसलेला माणूस पन्नास वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून गेला, आणि आपल्या गावचा एका पायाने अधू माणूस तालुक्याच्या बाजारालाही जात नाही. असे का व्हावे? पेटकरांची जिद्द मोठी, हे खरेच. पण नुसत्या जिद्दीने विमानात चढता येत नाही. माणूस अडतो तो पायरीपाशी. चाकाच्या खुर्चीतला माणूस सपाट रस्त्यावर तुमच्याआमच्यापेक्षा वेगाने जाईल. मध्ये वीतभर उंचीची पायरी आली की तो थांबला! पायरी काढा, नाहीतर तिच्या शेजारी उतरंड बांधा, तो पुढे निघाला. म्हणजे अडचण त्याच्या पायात जितकी आहे, तितकीच त्या पायरीत आहे. ही पायरी माणसानेच बांधलेली असते, तेव्हा ती माणसाला मोडताही येते.

शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमच्या कानाला अजून 'अपंग' हा शब्द सवयीचा आहे. सरकारी कागदांत आता 'दिव्यांग' असे लिहितात. नाव बदलल्याने पायरी काही खाली येत नाही. पण पाटीवर, डब्यावर, अर्जावर हाच शब्द दिसेल, म्हणून तो ओळखीचा असू द्या.

आपल्याकडचे लोक मुंबईला जातात ते बहुधा उपनगरांत उतरतात. कुणाचा भाऊ अंधेरीला, कुणाची बहीण मुलुंडला. आगगाडीचे दोन मोठे मार्ग लक्षात ठेवा. अंधेरी आणि बोरिवली ही स्टेशने पश्चिम रेल्वेवर आहेत. घाटकोपर आणि मुलुंड मध्य रेल्वेवर आहेत. अपंग माणसाला मुंबईत कामही असते. हाजी अलीला केंद्र सरकारची मोठी संस्था आहे. 1955 सालापासून ती चालू आहे. तिथे नकली हातपाय बसवून देतात आणि ते वापरायला शिकवतात. महालक्ष्मी स्टेशन तिथून जवळ. कानाने अधू असलेल्यांसाठी वांद्र्याला अशीच एक राष्ट्रीय संस्था आहे. तेव्हा लोकलमध्ये चढावे लागतेच.

लोकल म्हणजे काय, ते ज्याने पाहिले नाही त्याला सांगून पटत नाही. गाडी येते, वीस-पंचवीस सेकंद थांबते आणि सुटते. तेवढ्यात शेकडो माणसे उतरतात आणि शेकडो चढतात. आपल्या एसटीचा कंडक्टर म्हातारी चढेपर्यंत घंटी मारत नाही. लोकलला असा कंडक्टर नाही. गार्ड असतो, पण तो पार शेवटच्या डब्यात.

यात आणखी एक गोष्ट. फलाट आणि डबा यांच्यामध्ये फट असते, आणि डब्याची जमीन फलाटापेक्षा वर असते. पूर्वी कित्येक स्टेशनांवर हा फरक फुटाहून जास्त होता. असे का झाले? मुंबईची आगगाडी जुनी. बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली. तेव्हापासून फलाट बांधत गेले, वाढवत गेले. डबे बदलले. रुळांखाली खडी टाकून टाकून रूळ वर आले. रूळ वर आले की गाडीही वर आली, पण फलाट होता तिथेच राहिला. शेजारचा रस्ता दरवर्षी डांबर टाकून उंच व्हावा आणि आपल्या घराचा उंबरा खाली जावा, तसेच हे झाले.

या फटीने किती जणांचे नुकसान केले! 11 जानेवारी 2014 रोजी घाटकोपर स्टेशनवर कॉलेजात जाणारी एक सोळा वर्षांची मुलगी गाडीत चढताना घसरली आणि त्या फटीतून खाली गेली. तिचे दोन्ही हात गेले. धडधाकट घराबाहेर पडलेली मुलगी त्याच दिवशी अपंग झाली. सगळी मुंबई हळहळली. मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वेला जाब विचारला. फलाट उंच करा, असे बजावले. त्यानंतर उपनगरांतले फलाट एकेक करून उंच करण्यात आले. पूर्वी फलाटाची उंची 760 ते 840 मिलिमीटर असे. ती सुमारे 900 मिलिमीटरपर्यंत नेली. म्हणजे चार-सहा बोटांचा फरक. चार बोटे म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण गुडघा न वाकणाऱ्या माणसाला विचारा! त्या मुलीला 2020 च्या ऑगस्टमध्ये मुंबईतच एका मृत दात्याचे दोन्ही हात शस्त्रक्रिया करून बसवले.

आणखी एक नाव घेतले पाहिजे. समीर झवेरी यांचे दोन्ही पाय 1989 साली लोकलच्या अपघातात गेले. ते घरी बसले नाहीत. रेल्वेच्या अपघातांविषयी त्यांनी माहिती मागवली आणि कोर्टात अर्ज केले. जखमी माणसाला स्टेशनवर लगेच उपचार मिळावा, रुग्णवाहिका हजर असावी, म्हणून ते भांडले. पाय नसलेल्या माणसाने पाय असलेल्या लाखोंची सोय पाहिली. आम्हाला हे फार मोठे वाटते.

आता लोकलमध्ये चढायचे कसे, ते पाहू. बारा डब्यांच्या लोकलमध्ये दिव्यांगांसाठी दोन कप्पे राखून ठेवलेले असतात. कप्प्यावर चाकाच्या खुर्चीचे चित्र असते. हा कप्पा फलाटावर जिथे येऊन थांबतो, तिथेही तेच चित्र रंगवलेले असते. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी तिथे एक यंत्र लावतात. ते टिक-टिक, पीं-पीं असा आवाज करत राहते. आवाजाच्या रोखाने चालत गेले की आपण बरोबर कप्प्यासमोर येतो. गाडीत पुढच्या स्टेशनाचे नाव मराठीतून पुकारतात. त्यामुळे आंधळ्या माणसाला कुणाला विचारावे लागत नाही.

आमचा एक जुना विद्यार्थी मुलुंडला राहतो. त्याचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला. तो घाटकोपरला एका दुकानात हिशेब लिहितो. त्याच्याबरोबर आम्ही काही दिवस हा प्रवास केला. पहिल्याच दिवशी आम्ही लगबगीने त्याची काखेतली कुबडी धरायला गेलो. तो म्हणाला, "गुरुजी, कुबडी धरू नका. कुबडी धरली की मी पडतो. तुम्ही नुसते मागे उभे राहा, म्हंजे मागचा लोंढा तुमच्यावर येईल." पुढच्या वेळी आम्ही तसेच केले. तो एका हाताने मधला दांडा धरतो, कुबडी आधी आत टाकतो, मग चांगला पाय आणि शेवटी अधू पाय. गडी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच आत! मदत करायची असेल तर आधी विचारावे, "कशी मदत करू?" ज्याचा प्रवास त्यालाच ते ठाऊक असते.

आंधळ्या माणसाचेही तसेच आहे. त्याचा दंड धरून त्याला ढकलत नेऊ नये. आपला कोपर त्याच्या हातात द्यावा आणि एक पाऊल पुढे चालावे. पायरी आली की थांबून सांगावे, "वर जायची पायरी आहे," किंवा "खाली उतरायची आहे." नुसते "सांभाळा, सांभाळा" म्हटल्याने त्याला काहीच कळत नाही.

या राखीव कप्प्यात दिव्यांगांखेरीज कर्करोगाचे रोगी आणि गरोदर बायका यांनाही बसता येते. बाकी कुणी बसू नये. पण गर्दीच्या वेळी धट्टेकट्टे लोक आत घुसतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. पेपर तोंडापुढे धरून बसतात. कुणी हटकले तर म्हणतात, "पुढच्याच स्टेशनला उतरतो." रेल्वेच्या कायद्याचे 155 वे कलम आहे. त्यानुसार राखीव जागेत घुसणाऱ्याला दंड होतो. 139 या क्रमांकावर फोन करून तक्रार देता येते. आमच्या विद्यार्थ्याने एकदा अशा एका इसमाला विचारले, "तुमचा कुठला पाय दुखतो?" तो इसम पुढच्या स्टेशनवर मुकाट्याने उतरून गेला. दंडापेक्षा हा उपाय बरा, पण तो सगळ्यांना साधत नाही.

वेळही पाहून निघावे. सकाळी आठ ते अकरा लोक मुंबईकडे धावतात आणि संध्याकाळी पाच ते नऊ परत फिरतात. नवख्या माणसाने या वेळा टाळाव्यात. दुपारी बाराच्या सुमाराला निघाले तर बसायला जागाही मिळते. काही गाड्या बोरिवलीहूनच सुटतात, काही अंधेरीहून. अशी गाडी फलाटावर जास्त वेळ उभी असते, त्यामुळे चढायला उसंत मिळते. एक गाडी गेली तर जाऊ द्यावी. चार-पाच मिनिटांत दुसरी येते. धावत्या गाडीला हात घालू नये.

पूल चढण्याचा त्रास पूर्वी फार होता. आता अंधेरी, बोरिवली, घाटकोपर अशा मोठ्या स्टेशनांवर लिफ्ट आहेत. लिफ्ट म्हणजे वर-खाली जाणारी खोली. सरकते जिनेही आहेत. पण कुबडी घेतलेल्या माणसाने सरकत्या जिन्यावर जाऊ नये, लिफ्टच बरी. ती फलाटाच्या कुठल्या टोकाला आहे ते आधी विचारून घ्यावे. नाहीतर लिफ्ट एका टोकाला आणि आपण दुसऱ्या टोकाला, अशी गत होते. कधी ती बंदही असते. त्या दिवशी अपंग माणसापुढे तीस-चाळीस पायऱ्या उभ्या राहतात. सोय केली, एवढ्याने भागत नाही. ती रोज चालू ठेवावी लागते.

फलाटावर तुम्ही पिवळ्या फरशांची पट्टी पाहिली असेल. काहींवर लांब उभे उंचवटे असतात, काहींवर गोल टिकल्या. पुष्कळांना ती शोभा वाटते. ती शोभा नव्हे. आंधळ्या माणसाची ती वाट आहे. लांब उंचवटे पायाला लागले की समजावे, सरळ चला. गोल टिकल्या लागल्या की समजावे, थांबा. पुढे कडा आहे, जिना आहे किंवा वळण आहे. या फरशीची युक्ती जपान देशात निघाली. सेइइची मियाके नावाच्या गृहस्थाने 1965 साली ती शोधली. 1967 च्या मार्च महिन्यात ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसवली. तिथून ती जगभर गेली आणि आपल्या बोरिवलीला आली. रंग पिवळा का? कारण पुष्कळ जणांची नजर पूर्ण गेलेली नसते, अंधुक दिसते. त्यांना पिवळा रंग लवकर उमगतो. तेव्हा या पट्टीवर आपले गाठोडे, पाटी किंवा बोचके ठेवू नका. डोळस माणसाला ते दिसते आणि तो बाजूने जातो. आंधळा त्यावर अडखळतो, आणि पुढे रूळ असतात.

आता मेट्रोकडे वळू. ही विजेवर चालणारी नवी गाडी आहे. ती बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या वर, खांबांवरून जाते. वर्सोवा, अंधेरी, घाटकोपर हा मुंबईतला पहिला मेट्रोमार्ग 8 जून 2014 रोजी सुरू झाला. मार्गाची लांबी साधारण साडेअकरा किलोमीटर, स्टेशने बारा. ज्या घाटकोपरला जानेवारीत ती मुलगी फटीत पडली, त्याच घाटकोपरला पाच महिन्यांनी ही गाडी आली. मेट्रोत फलाट आणि डब्याची जमीन एका पातळीला असते. मध्ये फट आहे, पण ती अगदी अरुंद. चाकाची खुर्ची त्यावरून सरळ आत जाते. डब्यात खुर्ची उभी करायला मोकळी जागा ठेवलेली असते. दारे आपोआप बंद होतात, त्यामुळे लोंबकळणे नाही. रस्त्यावरून वर जायला लिफ्ट असते. 2022 आणि 2023 साली दहिसरपासून अंधेरीपर्यंत आणखी दोन मार्ग पुरे झाले.

तेच शहर, तीच माणसे. एका फलाटावर अपंग माणूस दांड्याला धरून जीव मुठीत घेतो. जिना चढून वर गेले की दुसऱ्या फलाटावर तोच माणूस कुणाचा हात न धरता आत जातो. एक फलाट बांधताना त्याचा विचार कुणी केला नव्हता, दुसरा बांधताना केला.

बेस्टच्या बसबद्दलही सांगतो. जुन्या बसला दोन-तीन उंच पायऱ्या असत. आता खालच्या जमिनीच्या बस आल्या आहेत. त्यांतल्या काहींना दाराशी घडीचा पाट असतो. तो उलगडून रस्त्यावर टेकवला की खुर्ची वर चढते. अपंग माणसाला पुढच्या दाराने चढता येते आणि पुढच्या जागा राखीव असतात. मात्र बस कडेला, थांब्याला लागून उभी राहिली पाहिजे. रस्त्याच्या मधोमध थांबवली तर पाट असून नसून सारखाच.

परमुलखात सगळे आयते मिळाले, अशी आपली समजूत असते. तसे नाही. अमेरिकेत डेन्व्हर नावाचे शहर आहे. तिथल्या बसमध्ये चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला चढता येत नसे. 5 जुलै 1978 रोजी एकोणीस अपंग माणसे भर चौकात गेली आणि बसच्या पुढे-मागे खुर्च्या लावून रस्त्यावर बसली. रात्रभर ती तिथून हलली नाहीत. आम्हाला आत घेतल्याशिवाय बस पुढे जाणार नाही, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडचा सत्याग्रहच म्हणा ना! पुढे काही वर्षांत त्या शहराच्या बसना खुर्ची वर उचलून घेणारे पाट बसले. 1990 साली साऱ्या अमेरिकेसाठी कायदा झाला.

लंडन शहराच्या बसना सगळीकडे पाट आहेत. पण तिथली जमिनीखालची आगगाडी फार जुनी, 1863 सालापासूनची. तिच्या निम्म्याहून अधिक स्टेशनांवर आजही पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागतात. जपानात निराळी तऱ्हा. खुर्चीतला माणूस स्टेशनवर आला की रेल्वेचा माणूस घडीची फळी घेऊन येतो. फलाट आणि डबा यांच्यावर ती टाकतो आणि त्याला आत बसवतो. मग जिथे उतरायचे त्या स्टेशनला निरोप देतो. तिथे दुसरा माणूस फळी घेऊन हजर! खर्च पाहाल तर एक फळी आणि एक फोन. आपल्या स्टेशनांवर हे करायला काय हरकत आहे, आम्हाला कळत नाही.

परदेशी जायचे तर विमान अंधेरीजवळच्या विमानतळावरून सुटते. घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाक्याला यावे. तिथे जमिनीखालच्या मेट्रोत बदलावे. ही 2024 च्या ऑक्टोबरात सुरू झाली. तिचे पुढचेच स्टेशन विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलचे आहे. तिथून टर्मिनलच्या दारापर्यंत कसे जायचे, ते स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला विचारावे. सामान जड असेल तर सरळ टॅक्सी करावी.

अपंग माणसाने विमानाचे तिकीट काढतानाच सांगून ठेवावे, की मला चाकाची खुर्ची लागेल. निदान 48 तास आधी तरी कळवावे. या खुर्चीचे पैसे पडत नाहीत. विमानतळाच्या दाराशी कंपनीचा माणूस खुर्ची घेऊन येतो आणि विमानापर्यंत पोचवतो. विमानातली वाट फार अरुंद. तिथे साधी खुर्ची मावत नाही, म्हणून आत एक निमुळती खुर्ची वापरतात. आपली स्वतःची खुर्ची सामानात जाते, तिचेही भाडे पडत नाही. खुर्ची बॅटरीवर चालणारी असेल तर बॅटरी कसली आहे ते आधी सांगावे लागते, कारण बॅटरीने आग लागण्याची भीती असते. तपासणीत नकली पाय पाहतात. घाबरू नये. सगळ्यांसमोर नको वाटले तर आडोशाला तपासा, असे सांगता येते. उतरायच्या गावीही खुर्ची मिळेल ना, हे निघतानाच विचारून घ्यावे.

विमानवाल्यांनी अपंग आहे म्हणून नाकारले तर? 2012 च्या फेब्रुवारीत असे झाले. कोलकात्याच्या जीजा घोष यांना मेंदूच्या विकाराने हालचालीला आणि बोलायला त्रास होतो. त्या एका परिषदेसाठी गोव्याला निघाल्या होत्या. विमानात जागेवर बसल्या होत्या, तरी त्यांना खाली उतरवले. बाई शिकलेल्या आणि धीराच्या. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 12 मे 2016 रोजी निकाल लागला. न्यायालयाने कंपनीला त्यांना दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. अपंग माणसाला मान हवा, दया नको, असा त्या निकालाचा रोख होता. त्याच वर्षी दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला आणि 2017 च्या एप्रिलपासून लागू झाला. आधीच्या 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत. त्याचे 41 वे कलम प्रवासाच्या सोयींचे आहे. बसथांबे, रेल्वे स्टेशने, विमानतळ दिव्यांगांना वापरता येतील असे केले पाहिजेत, असे ते सांगते.

सोय मागताना आपल्या लोकांना भीड वाटते. भीक मागितल्यासारखे वाटते. पण तिकिटाच्या पैशाने जसे आपण बाकावर बसतो, तसेच या कायद्याच्या जोरावर आपण लिफ्ट मागतो. त्यात मान खाली घालायचे कारण नाही.

आता गावातून निघण्याचे बघू. आपल्या एसटीत दिव्यांग माणसाला साध्या गाडीच्या भाड्यात 75 टक्के सवलत आहे. म्हणजे शंभर रुपयांच्या जागी पंचवीस. अपंगत्व 65 टक्क्यांहून जास्त असेल तर बरोबरच्या सोबत्याला निम्मे भाडे पडते. लांबच्या रेल्वेत, ज्याला सोबतीशिवाय जाता येत नाही अशा अपंग माणसाला आणि आंधळ्या माणसाला साध्या आणि शयनयान डब्यात 75 टक्के सवलत आहे. एका सोबत्यालाही तेवढीच मिळते. लोकलचा महिन्याचा पास त्यांना निम्म्या दरात मिळतो. रेल्वेच्या सवलतीसाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात सरकारी डॉक्टरचा दाखला लागतो. एसटीची पायरी मात्र अजून उंचच आहे. तिथे दोघांनी हात द्यावाच लागतो.

या सगळ्याला आधी एक कार्ड लागते. त्याला दिव्यांगांचे ओळखपत्र म्हणतात. ते साऱ्या देशात चालते. अर्ज संगणकावरून करायचा असतो, म्हणून तालुक्याच्या सेवा केंद्रात जावे. बरोबर आधार कार्ड, फोटो आणि राहण्याचा पुरावा न्यावा. अर्ज झाला की सरकारी दवाखान्यात तपासणीची तारीख मिळते. त्या दिवशी जुने कागद, क्ष-किरणाचे फोटो, शस्त्रक्रियेची चिठ्ठी असे जे असेल ते सगळे बरोबर न्यावे. डॉक्टर तपासतात आणि अपंगत्व किती टक्के ते लिहितात. बहुतेक सवलतींना निदान 40 टक्के लागते. कार्डावर पट्टा असतो. चाळीसच्या खाली पांढरा, चाळीसपासून ऐंशीच्या आत पिवळा, त्यापुढे निळा. कार्ड टपालाने घरी येते. आले की त्याच्या दोन नकला काढाव्यात. एक घरच्या ट्रंकेत ठेवावी, दुसरी सोबत्याच्या खिशात द्यावी. मूळ कार्ड ज्याचे त्याने आपल्याजवळ बाळगावे, कारण कंडक्टर तेच बघायला मागतो.